आठ बोटांची मोजणी

दिवाळ्याच्या जेट्टीवर पहाटे सव्वापाचला
गोमाजी तांडेल बोटं मोजायला बसतो.
उजव्या हाताची पाच, डाव्याची तीन.
राहिलेली दोन खाडीनं ठेवून घेतली,
नेमकी कुठे, ते वाशीच्या पुलाच्या खांबांना ठाऊक.

मी त्याच्या भावाची लेक.
'चांगुणा' आता मी चालवते,
चाळीस घोड्यांचं इंजिन
आणि समोर या आठ बोटांची शाळा.

अंगठा दुमडतो: "होरी सोरायच्या आधी नाक वापर."
मी फळी उचलून तळाशी हुंगते.
बोंबलाचा वास चालेल, कुजक्या दोरीचाही.
पेट्रोलचा आला तर चावी खिशात,
फळ्या उघड्या, वारा आत,
आणि बिडीवाला बाबल्या जेट्टीच्या त्या टोकाला.
टाकी भरायची ती काठावर काढून.
बोटीत बसून, गप्पा मारत, नाही.

तर्जनी: पाणी किती?
भांगाला खाडी सुस्त असते.
उधाणाच्या सुकतीला मात्र
पायाखालची चादर ओढावी तशी निघून जाते.
मग पंखा चिखलात,
आणि तू आणि रोहित पक्षी
एकाच गाळात, एकाच पायावर.

मधलं बोट: धार.
इंजिन सुरू झालं की मागे वाकून बघायचं,
मुततंय का.
काका हा शब्द पाहुण्यांसमोरही बदलत नाही.
सीवूड्सहून पक्षी बघायला आलेल्या बाईंनी
हसू लपवायला दुर्बीण डोळ्यांना लावली.
धार सलग हवी, जोराची हवी.
बारीक झाली तर आत पिशवी अडकलीय,
दुधाची, वेफर्सची, कुणाच्या तरी निर्माल्याची.
आपण दिलेलं खाडी
इंजिनाच्या घशातून परत करते.

जॅकेटचं बोट रोज बदलतं.
कधी करंगळी, कधी चिडला तर अख्खी मूठ.
उशी करून त्यावर बसणाऱ्यांना तो उठवतो:
"बुरनाऱ्याला बकल लावाला येल नसतं."
मला पोहता येतं, मी म्हटलं एकदा.
त्यानं पोहता येणाऱ्या चौघांची नावं घेतली,
सावकाश, आडनावांसकट,
आणि माझ्या पोटावरची पट्टी ओढून घट्ट केली.

पुढची बोटं भराभर जातात:
वल्ही दोन, नांगर, फोन प्लास्टिकमध्ये,
किती वाजता परतणार ते कुणाला सांगितलंस?

संध्याकाळी गोडं पाणी.
ड्रममध्ये पाय बुडवून
इंजिन दहा मिनिटं मीठ ओकतं.
जस्ताची वडी अर्धी झिजली की बदलायची,
ती झिजते म्हणून बाकीचं टिकतं.
काकीकडे नजर गेली
की हे वाक्य तो अर्धंच सोडतो.

आठ संपतात.
डावा हात थोडा वेळ तसाच हवेत राहतो.

जाळ्याचा तुकडा पंख्याला गुंडाळला होता.
इंजिन न्यूट्रलला, चालू.
एवढ्याशासाठी काय बंद करायचं,
असं म्हणून काका वाकला.
बाजूनं मोठी लॉन्च गेली, लाट आली,
तोल सावरायला माझा बाप उठला
आणि त्याचा गुडघा लिव्हरला लागला.

बस, एवढंच.
यावर दोघे भाऊ कधी बोललेले नाहीत.
बाप तेव्हापासून बोटीत पाय ठेवत नाही,
जेट्टीवर बर्फ फोडतो, पाट्या मोजतो.

नववं आणि दहावं काका मोजत नाही,
ती मीच मोजते, मनात:
पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद, चावी माझ्या खिशात.
आणि ही लाल दोरी मनगटाला,
मी पडले तर इंजिनही थांबेल.

सहाला दहा कमी.
बाप खुंट्यापाशी उभा, हातात आमचा दोर.
तो माझ्या तोंडाकडे बघत नाही,
मनगटाकडे बघतो.
लाल दिसलं
की गाठ सोडतो.